एकतीस नंबरचा शर्ट

"काकू, अंगातला शर्ट देऊन टाकल्यावर काका घरी कसे आले? उघडेच?"

हा प्रश्न मी विचारला. भर वर्गात, उभी राहून, मोठ्या बाई शेजारच्या खुर्चीत बसलेल्या असताना. विचारायला लावला टाचणीने. टाचणी म्हणजे माझी मैत्रीण. अंगाने बारीक आणि बोलायला टोकदार, म्हणून टाचणी. दुसरी मैत्रीण रेडिओ, तिच्याबद्दल वेगळं सांगायला नको. पैज लागली होती. "विचारून दाखव," टाचणी म्हणाली, "नाहीतर तुझं जुनं नाव परत."

माझं जुनं नाव मुकी. सातवीपर्यंत मी शाळेत फक्त मान हलवायचे. हो असेल तर वरखाली, नाही असेल तर आडवी. मग गेल्या वर्षी वक्तृत्व स्पर्धेच्या दिवशी रेडिओला ताप आला, तिच्या जागी कोणीच मिळेना म्हणून मला ढकललं, आणि मी जी सुटले ती अजून थांबलेली नाही. घरी आई विचारते, "हिचं बंद करायचं बटण कुठे असतं गं बाई?" आणि अशा ऐन बहरात मला परत मुकी व्हायचं नव्हतं. कोणाला व्हायचं असेल?

आता शर्टवाले काका कोण ते सांगते.

मी जन्मायच्या थोडं आधी आमच्या शहरात युद्ध आलं. आपलं सैन्य मागे हटलं आणि त्यांचं सैन्य येऊन बसलं, अकरा महिने. आपला एक सैनिक मागेच राहिला होता. धड्यात असं आहे की पाणीपुरवठ्याच्या कचेरीतल्या एका साध्या कारकुनाने त्याला पाहिलं आणि क्षणाचाही विचार न करता अंगातला शर्ट काढून दिला, गणवेश लपावा म्हणून. सैनिक पुढच्या नाक्यावर सापडला. शर्टावरून कारकुनाचा पत्ता लागला. त्याच संध्याकाळी त्यांना घरातून नेलं आणि पाण्याच्या टाकीमागे गोळी घातली.

आमच्या शाळेला त्यांचं नाव आहे. पटांगणात त्यांचा पुतळा आहे, प्लास्टरचा. कमरेच्या वर उघडा, हातात शर्ट पुढे धरलेला. परीक्षेला जाताना पोरं त्याच्या पोटावरून हात फिरवतात, त्यामुळे पोट आता चांगलं गुळगुळीत झालंय. वर्षातून एकदा शर्ट-दिन असतो. त्याच्या आधी प्रत्येकाने घरून एक चांगला शर्ट आणायचा, ते सगळे इस्पितळात जातात. आणि ते तीनशे-साडेतीनशे शर्ट धुऊन, इस्त्री करून देतात माझे बाबा. एकही पैसा न घेता. आमची लाँड्री आहे. स्टेजवरून दरवर्षी बाबांचं नाव घेतात, टाळ्या होतात, आणि बाबा कधीच आलेले नसतात. "लाजाळू माणूस," लोक म्हणतात. मी छाती फुगवून बसते.

बाबांची एक खोड मात्र सगळ्या गिऱ्हाइकांना माहीत आहे. बाकीचे लाँड्रीवाले कॉलरच्या आत न जाणाऱ्या शाईने गिऱ्हाइकाचा नंबर घालतात. शर्ट फाटेल पण नंबर जाणार नाही. बाबा शाईला हात लावत नाहीत. ते कागदाची चिठ्ठी पिनेने टोचतात. चिठ्ठ्या भिजतात, गळतात, नाहीशा होतात. एकदा डॉक्टरांची पँट पोस्टमनकडे गेली आणि पोस्टमनने ती दोन दिवस घालून टपाल वाटलं. आई कपाळाला हात लावते, "अहो, सगळी दुनिया शाई वापरते!" बाबा म्हणतात, "कापड खराब होतं." मला ते खरं वाटायचं. बाबांचं कापडावर प्रेम आहे असं वाटायचं.

तर तो प्रश्न.

शर्ट-दिनाच्या आदल्या आठवड्यात काकू, म्हणजे शर्टवाल्या काकांची बायको, नववीच्या वर्गाशी बोलायला येतात. त्या इस्पितळात नोंदणीच्या खिडकीत बसतात. राहतात आमच्या दुकानासमोरच्या इमारतीत, चौथ्या मजल्यावर. दरवर्षी त्यांना तेच विचारतात, "तुम्हाला त्यांचा अभिमान वाटतो का?" आणि त्या म्हणतात, "हो." की संपलं.

मी विचारल्यावर मागच्या बाकावरून कोणीतरी फिस्सकन हसलं. मोठ्या बाईंनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. काकू मात्र रागावल्या नाहीत. त्यांनी चष्मा काढला, रुमालाने पुसला, परत घातला.

"पंधरा वर्षांत हे कोणी विचारलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "बाळ, ते त्या दिवशी घराबाहेर पडलेच नाहीत. घोटा हा एवढा सुजलेला. बादलीत पाय घालून बसले होते, बनियनवर. त्यांचे शर्ट दोनच. एक दोरीवर वाळत होता, एक लाँड्रीत."

"मग?" मी म्हटलं. पैज केव्हाच जिंकली होती, पण आता मलाच ऐकायचं होतं.

"मग काय. सगळं शांत झाल्यावर मी लाँड्रीत जाऊन विचारलं. ते म्हणाले, दुपारी स्वतः येऊन शर्ट घेऊन गेले. म्हणजे मी तासभर पावाच्या रांगेत होते ना, तेव्हा. सुजल्या पायाने चार जिने उतरले, शर्ट आणला, कोणाला तरी देऊन टाकला, चार जिने चढून परत बादलीत पाय घालून बसले. आणि मी आले तर मला विचारतात काय, पाव मिळाला का?"

काकूंनी रुमालाची घडी घातली.

"घरात दोन लहान पोरं. माझ्याशी एक शब्द नाही. न्यायला आले तेव्हासुद्धा माझ्याकडे बघून म्हणत होते, मी काही केलं नाही गं, मी काही केलं नाही. शेवटपर्यंत माझ्याशी खोटं बोलले. लोक अभिमानाचं विचारतात. मला राग येतो. पंधरा वर्षं झाली, पण अजून मी त्यांना माफ केलेलं नाही."

आमच्या भागात लाँड्री एकच आहे. चाळीस डोकी एकदम माझ्याकडे वळली. तेवढ्यात मोठ्या बाईंनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली, जोरजोरात, आणि आम्हीही वाजवल्या. कशासाठी वाजवत होतो देव जाणे.

पाच मिनिटांनी मी बाईंच्या ऑफिसात उभी होते. ऑफिस छोटं. एक टेबल, एक कपाट, कपाटावर गुंडाळलेले नकाशे. बाई ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं, ओरडणाऱ्या माणसाला मी आता उत्तर देऊ शकते. त्यांनी पेनाचं टोपण काढलं, एक कोरा कागद पुढे घेतला आणि शांतपणे विचारलं, "हा प्रश्न तुला कोणी शिकवला?"

"टाचणीने."

माझ्या आधी माझं तोंड बोललं. मी विचार केला, मग ठरवलं, मग बोलले, असं काही झालंच नाही. आणि वर मी काय म्हणावं? "तिचंच डोकं बाई, ती नेहमी असं करते." हे तर बाईंनी विचारलंही नव्हतं.

शर्ट-दिनाच्या मिरवणुकीत सगळ्यात पुढे घडी घातलेला पांढरा शर्ट घेऊन एक मुलगी चालते. यंदा ती टाचणी होती. महिनाभर ती घरी ताटावर टॉवेल ठेवून चालायचा सराव करत होती. बाईंनी तिचं नाव कापलं आणि तिच्या घरी चिठ्ठी पाठवली. मला म्हणाल्या, "तू जा. पुन्हा कोणाच्या नादी लागू नकोस."

शाळा सुटल्यावर टाचणी फाटकापाशी उभी होती. मला वाटलं भांडेल. मी तर भांडायला तयारही होते, मनात म्हणत होते की मी काय खोटं सांगितलं का? खरंच सांगितलं ना? तिनेच तर शिकवला होता प्रश्न. पण टाचणी एवढंच म्हणाली, "पैज जिंकलीस हं. मुकी नाहीस तू." आणि रेडिओला घेऊन गेली. रेडिओ पहिल्यांदाच गप्प होती.

मी दुकानात आले तेव्हा चारचं ऊन शटरखालून आत आलं होतं. सगळीकडे शर्टांचे ढीग. आई स्टुलावर बसून बटणं लावत होती, तोंडात दोरा. बाबा टेबलापाशी, इस्त्री पुढेमागे पुढेमागे.

"आली आमची आकाशवाणी," बाबा म्हणाले. "काय बातम्या?"

येताना वाटेत मी मोठं भाषण जुळवलं होतं. ते सगळं विसरले.

"बाबा, शर्टवाल्या काकांचा पाय सुजला होता?"

बाबांची इस्त्री कापडावर कधी थांबत नाही. मला चालता येत नव्हतं तेव्हापासून मी ती बघतेय. ती थांबली. आधी वास आला, मग धूर. आई धावली, तिने इस्त्री उचलली. पांढऱ्या शर्टाच्या पाठीवर तांबूस होडी उमटली होती.

"लक्ष कुठंय तुमचं!" आई म्हणाली, आणि मग माझ्याकडे वळली. "तुला कोणी काय सांगितलं?"

"काकूंनी. वर्गात. ते शर्ट न्यायला आलेच नव्हते ना, बाबा?"

बाबांनी इस्त्रीची पिन काढली. वायर हाताभोवती गुंडाळली, गाठ मारली, सोडली, परत मारली.

"नव्हते आले," ते म्हणाले.

"अहो, गप्प बसा," आई म्हणाली.

"गप्पच बसलोय ना पंधरा वर्षं."

आणि त्यांनी सांगितलं. माझ्याकडे न बघता, त्या जळक्या होडीकडे बघत.

"दुपार होती. शटर अर्धं खाली. तो मागच्या दाराने शिरला. माझ्यापेक्षा वयाने मोठा, दाढी वाढलेली, गणवेश चिखलाने भरलेला."

"त्याने बंदूक रोखली," मी म्हटलं. मला फार फार हवं होतं की त्याने बंदूक रोखलेली असावी.

"बंदूक कुठली. केव्हाच टाकून दिली असणार. हात जोडले त्याने. म्हणाला, वरून घालायला काहीतरी द्या, मी लगेच जातो."

"मग तुम्हाला दया आली."

"नाही गं." बाबा हसले, पण कसं तरीच. "दया आली असती तर बरं झालं असतं, निदान तेवढं तरी सांगता आलं असतं. मला तो दुकानातून जायला हवा होता. बस. नाक्यावर त्यांची गाडी उभी होती. माझा शर्ट त्या खिळ्यावर होता, तोच खिळा. हात आधी तिकडेच गेला. मग वाटलं, हा शर्ट सगळा रस्ता ओळखतो. हात वळला. दांडीवरचा पहिला लागला तो ओढला आणि दिला. निळ्या रेघांचा. तो गेला. आणि मला एवढं हायसं वाटलं की मी गाणं म्हणायला लागलो."

मी आईकडे पाहिलं. आईने मान हलवली. "म्हणत होते. मी त्या गाद्यांच्या ढिगामागे होते. वाटलं, वेड लागलं माणसाला."

"तासाभराने ते आले," बाबा म्हणाले. "पाच जण. त्यांच्या साहेबाने शर्ट काउंटरवर टाकला आणि कॉलर उलटी केली. एकतीस. माझंच अक्षर. मी दिवसाला शंभर कॉलरींवर नंबर घालणारा माणूस. शाई वाळेपर्यंत फुंकर घालणारा. आणि देताना माझ्या डोक्यातही आलं नाही की आत आपणच लिहून ठेवलंय. दुसरं कोणीही असतं ना, तर त्याने बिननंबरी कपडा दिला असता. मी लाँड्रीवाला आणि मीच विसरलो."

"मग त्यांनी तुम्हाला मारलं?"

"हात लावला नाही. आवाजसुद्धा चढवला नाही. एकतीस कोण, एवढंच विचारलं. नंबरांची वही त्या फळीवर होती. ती मी काढलीसुद्धा नाही. पाठ होतं. नाव सांगितलं. समोरची इमारत सांगितली. चौथा मजला, डावीकडचं दार." बाबा थांबले. "मजला त्याने विचारलाच नव्हता."

*ती नेहमी असं करते, बाई.* बाईंनीही ते विचारलं नव्हतं.

"चोरीला गेला म्हणायचं," मी म्हटलं. "दांडीवरून कोणीतरी ओढून नेला म्हणायचं. किती सोपं होतं!"

"सुचलं. तेच सुचलं, अगदी हेच. ते रस्ता ओलांडत होते तेव्हा. ओरडलो असतो तर ऐकू गेलं असतं. मी शटरपर्यंत गेलोसुद्धा."

"मग?"

"मग शटर खाली ओढलं."

रस्त्यावरून कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. आमच्या काउंटरवरून समोरची इमारत स्वच्छ दिसते. चौथ्या मजल्याच्या दोरीवर नेहमीसारखे कपडे होते. काकू आमच्याकडे कधी कपडे टाकत नाहीत, हे मला माहीत होतं. त्यांना परवडत नसेल, असं मी समजत होते.

"बरं," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता, आणि तो चढलेला मला आवडत होता, हेही लिहून टाकते. "तेव्हा साहेब होता, बूट होते. पण काकू विचारायला आल्या तेव्हा कोण होतं? युद्ध संपलं होतं. समोर एक बाई उभी होती, एकटी. तिला कशाला सांगितलंत की काका स्वतः येऊन घेऊन गेले?"

आई बोलली.

"ती आली तेव्हा तू नऊ महिन्यांची होतीस, माझ्या खांद्यावर. ती तुझ्याकडे बघून हसली. मी म्हटलं, आता सांगून तिचा माणूस परत येणार आहे का? मी म्हटलं हं, ह्यांनी नाही. ह्यांना एकट्यांना बोलू नकोस. मी त्या गाद्यांमागून सगळं ऐकत होते. मजला ऐकला, दार ऐकलं. मी तोंडात चादरीचा बोळा धरून बसले होते. ओरडावंसं वाटलं म्हणून नव्हे. शिंक येईल म्हणून."

"तू समजून घे," बाबा म्हणाले. आता ते माझ्याकडे बघत होते. "आईला सातवा महिना होता. तू पोटात होतीस. मी जे केलं ते तुझ्यासाठी केलं."

मी म्हटलं, "बाबा, तुम्ही परत दुसऱ्याचं नाव सांगताय."

असं वाक्य सुचल्यावर वक्तृत्वात टाळ्या पडतात. इथे काहीच पडलं नाही. बाबांनी टेबलाची कड धरली. एवढी वर्षं इस्त्री धरून त्यांच्या उजव्या तळव्याला घट्टा पडलाय, तो तेवढा पांढरा दिसत होता. आई म्हणाली, "फार शहाणी झालीस." आणि मला माझाच राग आला. कारण मी तिथे न्यायाधीश होऊन उभी होते, आणि टाचणी तिकडे घरी चिठ्ठी घेऊन गेली होती.

म्हणून मी तेही सांगितलं. ऑफिस, कोरा कागद, पेनाचं टोपण. टाचणीचं नाव. वर जोडलेलं वाक्य. टाचणीचा टॉवेल आणि ताट.

मला वाटलं होतं बाबा रागावतील. रागावले असते तर मी त्यांच्या गळ्यात पडले असते. पण त्यांच्या चेहऱ्यावर मला सुटका दिसली. खांदे खाली आले. ते जवळजवळ हसले.

"बघ," ते म्हणाले. "बघ, तुलाही कळलं ना आता? होतं गं असं. कोणाचंही होतं. माझीच मुलगी तू."

एवढं वाईट मला आयुष्यात कोणी काही बोललं नव्हतं, आणि ते किती प्रेमाने बोलले.

आई उठली. ती भावनेत फार वेळ राहत नाही. "हे बघ," तिने मला बोटांवर मोजून दाखवलं, "तिची इस्पितळातली नोकरी हुतात्म्याची बायको म्हणून मिळालीय. पुतळा आहे म्हणून ती खिडकी आहे. आपलं दुकान ह्या रस्त्यावर आहे. उद्या हे बाहेर पडलं तर तिची खिडकी जाईल आणि आपलं शटर फुटेल. आणि तिला मिळणार काय? नवरा शूर होता, तो आता नुसता बिचारा होणार."

"नवरा खोटं बोलला नव्हता, हे मिळेल," मी म्हटलं. "ते म्हणत होते, मी काही केलं नाही. आई, त्यांनी खरंच काही केलं नव्हतं गं. पंधरा वर्षं ती त्यांच्यावर चिडून बसलीय."

आईने बटणाचा डबा उघडला, बंद केला, उघडला. "मला हे कळत नाही असं वाटतं का तुला?" ती म्हणाली. "मी रोज त्या दोरीकडे बघते."

शर्ट संपायचे होते, दोनशेच्या वर उरले होते, आणि लाँड्रीत माणूस रडला तरी हात थांबवून चालत नाही. मी चिठ्ठ्या लिहायला बसले. आई बटणं. बाबांनी पिन परत लावली.

तो जळका शर्ट टेबलावर तसाच होता. त्याची चिठ्ठी कधीच गळून पडली होती. कोणाच्या घरून आला, कोणालाच कळणार नव्हतं. आणि मी बघत असताना बाबांनी तो उचलला. बाह्या मागे, खांदे आत, एक घडी, दुसरी घडी, डाग आतल्या बाजूला. वरून दिसायला नवाकोरा. त्यांनी तो ढिगाच्या मधोमध सरकवला, वर चार शर्ट ठेवले आणि पुढचा शर्ट घेतला. त्यांचं लक्षही नव्हतं. ते खिडकीबाहेर बघत होते. ते सगळं हातांनीच केलं.

इस्पितळातला कोणी आजारी माणूस तो शर्ट उलगडेल, पाठीवर होडी बघेल आणि म्हणेल, शाळेतल्या पोरांनी फाटकं-जळकं पाठवलं.

मी उठले. ढिगातून तो शर्ट ओढला, वरचे चारही खाली पडले. तो उलगडून मी काउंटरवर पसरला, डाग वर करून. गेल्या वर्षी पहिल्यांदा स्टेजवर गेले तेव्हा समोर फक्त परीक्षक होते.

"मी ठरवलंय," मी म्हटलं. "दोघांनी ऐका, मग ओरडा. उद्या शाळा भरायच्या आधी मी मोठ्या बाईंकडे जाणार आणि सांगणार की प्रश्न मी विचारला, तोंड माझं होतं, टाचणीचा शर्ट टाचणीला परत द्या. त्या मला काढतील तर काढू देत. मग संध्याकाळी मी समोर जाणार. स्टेजवरून नाही सांगणार, शाळेत नाही, रस्त्यात नाही. चार जिने चढून, डावीकडचं दार. फक्त काकूंना सांगणार. पुढे कोणाला सांगायचं, सांगायचं की नाही, पुतळा ठेवायचा की नाही, ते त्यांनी ठरवायचं. आजपर्यंत त्यांना कोणी काही ठरवू दिलेलं नाही. आणि बाबा, मी तिथे एक नाव घेणार आहे. ते कोणाचं, ते तुमच्या तोंडावर आत्ताच सांगते, पाठीमागे नाही. तुमचं. तुम्ही बरोबर आलात तर मी गप्प बसेन, एक शब्द बोलणार नाही, पुन्हा मुकी. तुम्ही सांगायचं. फक्त माझ्यासाठी केलं असं सांगू नका. मी तेव्हा नव्हतेच."